मॉडेल रॉकेटचा लाँच पॅड आणि लाँच कंट्रोलर घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाँच पॅड म्हणजे रॉकेट उभं करायची बैठक, आणि लाँच कंट्रोलर म्हणजे दुरून बटण दाबून ते उडवायची पेटी. इथली सगळी माहिती कारखान्यात तयार झालेली, एकदाच वापरायची मोटर (इंधन भरलेली नळी, जी जळून रॉकेट वर ढकलते) आणि तिच्यासोबत आलेला विजेवर पेटणारा इग्नायटर (मोटर पेटवणारी बारीक तार) गृहीत धरून दिली आहे. पॅड, वायरिंग, पेटी आणि स्विच घरी बनवायला हरकत नाही. मोटर आणि इग्नायटर मात्र घरी बनवायचे नाहीत, त्यामुळे त्यांची कृती इथे सापडणार नाही. मापं मेट्रिकमध्ये आहेत. मोटरच्या कंपन्या इंचांत बोलतात, म्हणून जिथे घोळ होतो तिथे दोन्ही दिली आहेत.

भारतात मॉडेल रॉकेटची मोटर दुकानात मिळते का?

अमेरिकेत ती छंदाच्या वस्तूंच्या दुकानात शेल्फवर असते, तशी इथे मिळत नाही. स्फोटकं बनवणं, बाळगणं, विकणं, वाहून नेणं आणि आयात करणं हे सगळं १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांखाली परवान्याचं काम आहे. परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. शाळा-कॉलेजला हा उपक्रम करायचा असेल तर परवानाधारक संस्थेमार्फतच करावा. अमेरिका-युरोपात राहणाऱ्यांनी तिथल्या स्थानिक क्लबात जावं, मैदान आणि परवानगी दोन्ही तिथे तयार असतात. बाकीच्यांसाठी खाली जलरॉकेटचा, म्हणजे हवेच्या दाबाने पाणी फेकत उडणाऱ्या बाटलीचा, प्रश्न आहे. पॅडची बैठक आणि कंट्रोलरची पेटी त्यालाही तशीच लागते.

अमेरिकेतला मामा येताना बॅगेतून चार मोटरी घेऊन आला तर?

नाही. मोटर हा स्फोटक वर्गातला माल आहे. प्रवासी विमानात तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही चालत नाही. मामाकडून चांगले मायक्रो क्लिप (इग्नायटरच्या तारा धरणारे छोटे चिमटे) आणि लाँच लग (रॉकेटला चिकटवायची, रॉडवरून सरकणारी छोटी नळी) मागवा. त्यांना कुणी अडवत नाही.

दिवाळीच्या रॉकेटला बाटली पुरते. मग पॅडचा एवढा खटाटोप कशाला?

मॉडेल रॉकेटला दिशा देतात ते फक्त पंख, आणि पंखांवरून पुरेसा वारा वाहू लागेपर्यंत ते काहीच करू शकत नाहीत. सुटल्यापासून तो वेग येईपर्यंतचा जो पाव सेकंद असतो, तेवढ्यात रॉकेटला सरळ धरून ठेवणं हे पॅडचं खरं काम. रॉकेट पॅडवरच्या रॉडवरून, म्हणजे उभ्या सळईवरून, सरकत वर जातं. साधारण १३ मीटर प्रति सेकंद वेगाने रॉड सोडला तर रॉकेट सरळ जातं असा छंदातला आडाखा आहे. थुंब्याहून उडणाऱ्या रोहिणी साउंडिंग रॉकेटलाही सुरुवातीला रेलच (रॉडऐवजीची भक्कम पट्टी) धरून असते, कारण अडचण तीच आहे.

पॅडची बाकीची कामं म्हणजे आच जमिनीवर न जाऊ देणं, वायरचं वजन इग्नायटरवर न पडू देणं आणि वाऱ्याने न पडणं. अपयशी उड्डाणांची कारणं पाहिलीत तर मोटर दोषी निघते ती क्वचित. बहुतेक वेळा घोळ असतो वायरच्या शेवटच्या वीतभर अंतरात.

रॉड किती जाड आणि किती लांब घ्यायचा?

मोटरची ताकद अक्षराने सांगतात, अक्षर पुढचं तशी मोटर मोठी. ए, बी, सी मोटरच्या हलक्या रॉकेटला १/८ इंची, म्हणजे ३.२ मिमी. डी आणि ई मोटरला ३/१६ इंची, म्हणजे ४.८ मिमी. त्याहून जड रॉकेटला १/४ इंची, म्हणजे ६.३५ मिमी, आणि खरं तर तिथून पुढे रेलच घ्यावी. लांबी किमान ९० सेमी ठेवा.

लांबीत कंजुषी नको. जोर तोच असेल तर सुटतानाचा वेग लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ६० सेमीचा रॉड ९० सेमी केला तर वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. रॉडची सगळी लांबी कामी येत नाही हेही लक्षात घ्या. रॉकेटचा वरचा लग रॉडच्या टोकाबाहेर पडला की रॉकेट डुलायला मोकळं. म्हणून मोजायची ती वरच्या लगपासून टोकापर्यंतची लांबी. रॉकेट रॉडला लावलेल्या चिमट्यावर १० सेमी वर बसलंय आणि वरचा लग त्याच्याही वर २५ सेमीवर आहे, तर ९० चा रॉड प्रत्यक्षात ५५ सेमीचाच उरतो.

३.२ मिमीचा सरळ रॉड मिळणार कुठे?

वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात टिग वेल्डिंगची स्टेनलेस फिलर रॉड मागा. एक मीटर लांबीची आणि ३.१५ किंवा ३.२ मिमी जाडीची असते. काचेच्या टेबलावर लोळवून पाहा. मध्ये उजेडाची फट दिसली तर ती परत ठेवून दुसरी घ्या, कारण वाकलेला रॉड हाताने सरळ होत नाही, फक्त दोन ठिकाणी वाकतो.

जाड रॉडच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. ३/१६ इंची लगसाठी दुकानदार ५ मिमीचा रॉड देतो. ४.८ आणि ५ यांत फरक केसाएवढा, पण लग अडकतो किंवा घासत जातो. जवळ ५ मिमीचाच रॉड असेल तर लग त्या मापाची नळी कापून करा. रॉकेट रॉडवर सोडलं की आपल्या वजनाने सुळकन खाली आलं पाहिजे.

रॉड बैठकीत बसवायची सोपी पद्धत कोणती?

जुन्या ड्रिल मशीनचा चक. भंगारात मिळतो आणि ३ मिमीपासून १० मिमीपर्यंतचा कोणताही रॉड घट्ट आणि मध्यावर धरतो. चकच्या मागच्या आट्या बहुधा १/२ इंच-२० किंवा ३/८ इंच-२४ असतात, म्हणून चक सोबत नेऊनच बोल्ट घ्या. तो बोल्ट १८ मिमी प्लायवुडच्या ३० × ३० सेमी तुकड्यातून खालून वर काढा, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर लावा आणि चक फिरवून आवळा.

प्लायच्या एका बाजूचे दोन कोपरे आणि समोरच्या बाजूचा मध्य, अशा तीन ठिकाणी १० मिमीचे लांब बोल्ट आणि चाकनट लावले की तेच पाय आणि तीच लेव्हल. चार पाय लावू नका. उंचसखल जमिनीवर चौथा कायम हवेत राहतो. पायांचा घेर रॉडच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त हवा, म्हणजे ९० सेमी रॉडला सुमारे ५० सेमी. प्लाय तेवढी मोठी नसेल तर खाली लाकडी पट्ट्यांचा तिकाटणा जोडा. वारा असेल त्या दिवशी प्रत्येक पायावर वाळूची एकेक किलोची पिशवी ठेवा.

पीव्हीसी पाइपचा पॅड चालेल?

चालेल, स्वस्तही पडतो आणि सुटा होऊन पिशवीत मावतो. एक इंची पाइपचे चार-पाच तुकडे, टी आणि एंडकॅप लागतात. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, त्यामुळे आच अडवणारा पत्रा पाइपच्या प्रत्येक भागापेक्षा रुंद हवा. आणि पाइप हलका असतो, म्हणून आत वाळू भरून टोकं बंद करा. वाळू न भरलेला पीव्हीसी पॅड रॉकेटच्या धक्क्याने मागे सरकतो आणि रॉड नेमका नको त्या क्षणी झुकतो.

आच अडवायला काय वापरावं?

२ मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) पत्रा, १५ × १५ सेमी, मध्ये रॉडपेक्षा एक मिमी मोठं भोक. फॅब्रिकेटरकडे तुकड्यांच्या ढिगात मिळतो. पत्रा आडवा ठेवला तर ज्वाला चहूकडे पसरते आणि क्लिपच्या वायरी भाजतात. एका बाजूला वाकवून ३० ते ४५ अंशांचा उतार दिला तर ती एकाच दिशेला जाते. तो उतार माणसं आणि वायर यांच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

स्वयंपाकघरातली स्टीलची ताटली ए-बी मोटरसाठी निभावते. डी-ई मोटरने तिला काही उड्डाणांत भोक पडतं. फरशीची टाइल वापरू नका, ती तडकून तुकडे उडतात.

रॉकेट थेट पत्र्यावर टेकवलं तर?

दोन कारणांनी नको. इग्नायटरच्या तारा आणि क्लिप पत्र्याला टेकतात आणि शॉर्ट होतं. कंट्रोलरवरचा दिवा छान लागतो, बटण दाबलं की करंट पत्र्यातून निघून जातो आणि रॉकेट जागचं हलत नाही. दुसरं म्हणजे ज्वालेला पसरायला जागा न मिळाल्याने ती उलटून पंख आणि नळी भाजते. रॉडवर कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावा आणि रॉकेट त्यावर टेकवा. नोझल (मोटरचं ज्वाला बाहेर पडणारं तोंड) आणि पत्रा यांत ७ ते १० सेमी अंतर ठेवा. प्लॅस्टिकचा चिमटा एकदाच टिकतो.

रॉडच्या टोकाला टोपी लागतेच का?

हो. वाकून क्लिप लावणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर नेमकं ते टोक असतं आणि समोरून पाहताना ३ मिमीचा रॉड दिसतच नाही. पिंगपाँग बॉलला भोक पाडून लावा, लाल कापडाची शेपटी बांधली तर आणखी बरं. टोपी काढायची ती क्लिप लावून झाल्यावर, मागे फिरताना. पॅडच मुळात उंच करून टोक डोळ्यांच्या वर नेलं तर सर्वांत उत्तम.

पॅड किती कलता ठेवायचा?

अमेरिकेतल्या ‘नार’ या मॉडेल रॉकेट संघटनेच्या सुरक्षा नियमांत उभ्या रेषेपासून ३० अंश ही कमाल मर्यादा आहे. रोजच्या वापरात ३ ते ५ अंश पुरतात. सुटल्यावर रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि पॅराशूट उघडल्यावर वाऱ्याबरोबर परत येतं. म्हणून किंचित वाऱ्याकडे कलवलेला रॉड रॉकेट जवळ आणून टाकतो. ताशी ३२ किमीच्या वर वारा असेल तर सगळं आवरून घरी जा.

बटण आणि बॅटरी कशाला, वात लावून नाही का उडवता येणार?

वात पेटल्यावर थांबवता येत नाही. तेवढ्यात कुत्रं आलं, पोर धावलं, वाऱ्याने पॅड कलंडला, तरी रॉकेट जाणारच. विजेवर मात्र बोट उचललं की थांबतं. ‘नार’च्या नियमांत म्हणूनच विजेचंच प्रज्वलन आहे आणि कंट्रोलरला दोन अटी आहेत. बोट काढताच बंद होणारं बटण हवं, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये काढून घेता येणारी सुरक्षा चावी हवी. डी आणि त्याखालच्या मोटरला किमान १५ फूट, म्हणजे साडेचार मीटर दूर उभं राहायचं, त्याहून मोठ्या मोटरला ३० फूट. वायर सरसकट १० मीटर घ्या, म्हणजे हिशेब करावा लागत नाही.

किमान सर्किट कसं असतं?

बॅटरीच्या प्लसपासून सुरुवात करा. आधी २० अँपिअरचा गाडीचा ब्लेड फ्यूज, मग चावीचा स्विच. चावीनंतर एक १२ व्होल्टचा पिझो बझर मायनसला जोडा, म्हणजे चावी लागल्याचं कानाला कळतं. चावीच्या पुढे १० अँपिअरचं पुश बटण. या बटणाला समांतर एक एलईडी आणि २.२ किलोओहमचा रोध, दोन्ही आपसांत सिरीजमध्ये. बटणाच्या दुसऱ्या टोकापासून वायर पॅडकडे जाते, क्लिप, इग्नायटर, दुसरी क्लिप आणि परत बॅटरीच्या मायनसला. संपलं.

चावी फिरवली की करंट एलईडी आणि रोधातून इग्नायटरमधून जातो. १२.६ व्होल्टला हा करंट ५ मिलिअँपिअरच्या आसपास भरतो, एलईडी लागतो आणि इग्नायटर थंड राहतो. बटण दाबलं की एलईडीला बगल देऊन सगळा करंट सरळ जातो. बटण दाबताना एलईडी विझला तर घाबरू नका, तो विझायलाच हवा.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. चावीचा स्विच घेताना एक गोष्ट दुकानातच तपासा. काही स्विचमधून चावी ‘चालू’ स्थितीतही निघते. तो घेऊ नका. चावी फक्त ‘बंद’मध्ये निघाली पाहिजे, आणि जो माणूस पॅडकडे चालत जाईल त्याच्याच खिशात ती राहिली पाहिजे.

बॅटरी कोणती?

यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची. जड आहे, पण दिवसभर उडवलं तरी दमत नाही आणि तिचा आतला रोध ०.०३ ओहमच्या आसपास असतो.

चार पेन्सिल सेलवरही छोटे कंट्रोलर चालतात, फक्त ते काठावर चालतात. ताज्या अल्कलाइन सेलचा आतला रोध प्रत्येकी ०.१५ ते ०.२ ओहम धरा, म्हणजे चारांचा ०.७. सेल जुने झाले की हा आकडा तिपटीवर जातो. मल्टिमीटर तेव्हाही ६ व्होल्टच्या जवळ दाखवतो, कारण मल्टिमीटर सेलकडून काही मागतच नाही. म्हणून ‘सेल चांगले आहेत, व्होल्टेज बघितलं’ याला इथे अर्थ नाही. लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, बघा. रिमोटमधली चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी विसरा.

लिथियम-पॉलिमर पॅक ताकदवान आणि हलके असतात. शॉर्ट झाले तर वायर वितळते, त्यामुळे फ्यूजशिवाय ते जोडूच नका.

वायर किती जाड लागते?

इथेच घरगुती कंट्रोलर सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा आकडेमोड करू. नेहमीच्या छोट्या इग्नायटरचा रोध साधारण अर्धा ते एक ओहम असतो आणि त्याला पेटायला २ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. पॅड १० मीटरवर असेल तर करंट जाऊन येऊन २० मीटर प्रवास करतो.

तांब्याच्या १.५ चौ. मिमी वायरचा रोध मीटरला ०.०१२ ओहम, म्हणजे २० मीटरला ०.२४. ०.७५ चौ. मिमी वायरला सुमारे ०.५. आणि ०.२ चौ. मिमीची बारीक स्पीकर वायर असेल तर जवळपास १.८ ओहम.

आता चार सेलचा ६ व्होल्टचा कंट्रोलर घ्या. सेलचे ०.७, स्पीकर वायरचे १.८, इग्नायटर ०.७, क्लिप-स्विच मिळून ०.२. बेरीज ३.४ ओहम, करंट १.७६ अँपिअर. इग्नायटर कोमट होईल, पेटणार नाही. तीच वायर ०.७५ ची केली तर बेरीज २.१ आणि करंट सुमारे २.९ अँपिअर, म्हणजे काम झालं. यूपीएसची बॅटरी आणि ०.७५ ची वायर असेल तर करंट ८ अँपिअरच्या वर जातो आणि इग्नायटर बटणाला बोट लागताच पेटतो. घरातल्या वायरिंगची १ किंवा १.५ चौ. मिमीची लवचीक दोनपदरी वायर घ्या. जुन्या मिक्सरची, टेबल-फॅनची वायर जोडून जोडून लांब करू नका. प्रत्येक पीळ हा नवा रोध असतो.

कंटिन्युइटीसाठी (वीज जायची वाट अखंड आहे का हे बघायला) एलईडीऐवजी छोटा बल्ब लावला तर? उजेड जास्त पडतो.

साध्या इग्नायटरला बहुधा काही होणार नाही. पण काही इग्नायटर फार संवेदनशील असतात, दीड-दोनशे मिलिअँपिअरलाही पेटतात. बल्ब तेवढा करंट आरामात सोडतो, म्हणजे चावी फिरवताच रॉकेट जाईल, बटणाला हात न लावता. एलईडी लावा आणि उन्हात दिसायला त्याभोवती काळ्या नळीचा अर्धा इंच तुकडा बसवा.

एलईडी लागला म्हणजे वाट चांगली आहे असं मात्र समजू नका. तो फक्त वाट आहे एवढंच सांगतो. गंजलेल्या क्लिपने ५ ओहमचा अडथळा केला तरी २,२०० ओहमच्या रोधापुढे तो चिंचोका आहे, एलईडी तितक्याच झोकात लागेल. ‘दिवा लागतो पण रॉकेट जात नाही’ या तक्रारीचं उत्तर दहात आठ वेळा हेच.

मग क्लिपचं करायचं काय?

छोट्या, सपाट तोंडाच्या मायक्रो क्लिप घ्या. मोठ्या क्रोकोडाइल क्लिपचे दात इग्नायटरच्या बारीक तारेला दोनच बिंदूंवर धरतात आणि क्लिपचं वजन तार खाली ओढतं. वायर क्लिपला स्क्रूने नाही, सोल्डरने जोडा. दर दोन-तीन उड्डाणांनंतर तोंडाच्या आतून पॉलिश पेपर फिरवा, कारण ज्वालेची काजळी वीज वाहत नाही. एका क्लिपच्या बाहेरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, म्हणजे दोघी एकमेकींना टेकल्या तरी शॉर्ट होणार नाही. वायर क्लिपपासून वीतभर मागे रॉडच्या बुडाला टेपने बांधा. सगळं वजन तिथे थांबतं.

रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कधी लावावा?

पॅड लांब असेल किंवा एका वेळी दोन-तीन इग्नायटर पेटवायचे असतील तेव्हा. बॅटरी पॅडजवळ न्या, तिथून इग्नायटरपर्यंत दोन मीटरची जाड वायर द्या आणि रिलेच्या कॉइलला बारीक लांब वायर. गाडीच्या १२ व्होल्टच्या ३० अँपिअर रिलेची कॉइल सुमारे १५० मिलिअँपिअर घेते. ३० मीटरच्या नेटवर्क केबलमध्ये एवढ्या करंटला एका व्होल्टच्या आतच घट येते. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीचं टोक प्लसकडे.

रिलेचा धोका म्हणजे त्याचे संपर्क कधीकधी वितळून चिकटतात. मग बटण सोडलं तरी क्लिपांत वीज असते आणि पुढचा इग्नायटर जोडणाऱ्याच्या हातातच पेटतो. म्हणून पॅडवरच्या पेटीलाही वेगळा तोडस्विच हवा आणि क्लिपांच्या दोन टोकांवर एक बझर हवा. तो वाजत असेल तर पॅडजवळ जायचं नाही.

आर्डुइनो किंवा ईएसपी३२ (प्रोग्रॅम करता येणारे छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड) लावून मोबाइलवरून उडवता येईल?

येईल, पण आधी साधं सर्किट बनवून दहा उड्डाणं करा. मायक्रोकंट्रोलर लावलात तरी चावीचा स्विच इग्नायटरच्या मुख्य वायरीतच राहिला पाहिजे, प्रोग्रॅममध्ये नाही. ‘चावी’ नावाचं व्हेरिएबल ही चावी नव्हे.

बाजारातले निळे रिले मॉड्यूल बहुधा सिग्नल खाली गेल्यावर चालू होणारे असतात. आर्डुइनोत पिन आधी आउटपुट केली आणि मग वर नेली, तर मधल्या क्षणी ती खाली असते आणि रिले ‘टक’ करतो. तो टक म्हणजे उड्डाण. आधी पिन वर लिहा, नंतर आउटपुट करा. ईएसपी३२च्या काही पिनांवर बोर्ड सुरू होतानाच क्षणभर सिग्नल येतो. त्या टाळा आणि निवडलेल्या पिनला एलईडी लावून वीस वेळा रीसेट करून पाहा. रिलेऐवजी मॉसफेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) वापरणार असाल तर त्याच्या गेट या पायाला १० किलोओहमचा रोध मायनसकडे द्या. आयआरएफ५४० पाच व्होल्टला नीट उघडत नाही, आयआरएलझेड४४एन उघडतो. आणि मॉसफेट बिघडतो तो बहुधा शॉर्ट होऊन, हे विसरू नका. फाटक उघडायच्या रिमोटची स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झ मॉड्यूलं तर नकोच. शेजारच्याचं फाटक आणि तुमचं रॉकेट एकाच कोडवर निघू शकतं.

इग्नायटर न जाळता कंट्रोलर कसा तपासायचा?

गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब क्लिपांत धरा. थंड असताना त्याच्या तारेचा रोध ओहमच्या आतबाहेर, म्हणजे इग्नायटरसारखाच असतो. चावी लावली की एलईडी लागावा पण बल्ब नाही. बटण दाबताच बल्ब झळाळून पेटला पाहिजे. लालसर, रेंगाळत पेटला तर बॅटरी किंवा वायरमध्ये दोष आहे. बटण न दाबता लागला तर पेटी परत टेबलावर न्या.

बटण दाबलं, काहीच झालं नाही. आता?

बोट काढा, चावी काढा, आणि शेवटच्या प्रयत्नापासून पूर्ण ६० सेकंद कुणीही पॅडकडे जायचं नाही. घड्याळ लावून मोजा, मनातल्या मनात मोजलेला मिनिट चाळीस सेकंदांचा असतो.

मग इग्नायटर बाहेर काढून पाहा. तो न जळता जसाच्या तसा असेल तर दोष विजेच्या बाजूला आहे: क्लिप, बॅटरी, किंवा तारा एकमेकींना टेकलेल्या. टोक काळं होऊन तुटलं असेल तर वीज पोचली होती, पण टोक मोटरच्या आतल्या इंधनाला टेकलेलं नव्हतं. क्लिपच्या वजनाने तो दोन-तीन मिलिमीटर खाली सरकला तरी एवढं पुरतं. नवा इग्नायटर आत टेकेपर्यंत सरकवा, सोबतची प्लॅस्टिकची बूच घट्ट बसवा आणि वायर बांधून टाका.

एका रॉकेटमध्ये दोन-तीन मोटरी असतील तर इग्नायटर सिरीजमध्ये का समांतर?

समांतर. सिरीजमध्ये जो आधी जळेल तो बाकीच्यांची वाट तोडतो आणि रॉकेट एका पायावर उड्या मारत तिरकं जातं. समांतरमध्ये करंट तितक्या पट लागतो, त्यामुळे यूपीएसची बॅटरी आणि रिले हवाच.

मैदान केवढं हवं?

‘नार’च्या तक्त्याप्रमाणे मैदानाची सर्वांत अरुंद बाजू ए मोटरला ३० मीटर, बीला ६० आणि सीला १२० मीटर हवी. दिवाळीनंतर आपल्याकडची मैदानं आणि माळ वाळलेल्या गवताचे असतात. पॅडभोवतीचं गवत काढा, जमीन भिजवा, बादलीभर पाणी आणि ओलं पोतं हाताशी ठेवा.

मोटर नाही, तर हाच कंट्रोलर जलरॉकेटला कसा जोडायचा?

पॅडवर अर्ध्या इंची यूपीव्हीसी पाइपचा उभा तुकडा लावा. त्याचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी, म्हणजे कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या तोंडात तो बसतो. हवा गळू नये म्हणून त्यावर ओ-रिंग बसवा. पाइपभोवती केबल टायचा घेर बांधा, त्यांच्या गाठी बाटलीच्या मानेच्या कड्यावर अडकतात. वरून सरकणारा जाड पाइपचा तुकडा त्यांना दाबून धरतो. तो खाली ओढला की बाटली सुटते.

ओढायचं काम गाडीच्या सेंट्रल लॉकिंगची १२ व्होल्टची मोटर करते. दोन वायरींची घ्या, पाच वायरींची नको. इग्नायटरच्या क्लिप तिला लावल्या की तुमचा कंट्रोलर तसाच चालतो. ती फिरते उलटी तर क्लिप अदलाबदल करा. सरकणारा तुकडा जड सरकत असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा, मोटर जोर लावून बसली की जळते.

बाटली सोड्याचीच हवी, पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली फुटते. एक तृतीयांश पाणी, दाब ४ बारच्या आत, म्हणजे सायकल पंपाच्या काट्यावर ६० पीएसआयच्या खाली. ओरखडा पडलेली किंवा उन्हात पिवळी झालेली बाटली फेकून द्या. हवा भरताना पंपाची नळी किमान ५ मीटर लांब ठेवा आणि दाब भरल्यावर बाटलीकडे हात नेऊ नका. उड्डाण रद्द झालं तर दाब पंपाच्या बाजूने सोडता यावा यासाठी नळीत एक टी आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह आधीच बसवून घ्या.

पावसाळ्यात पॅड आणि पेटी कशी ठेवायची?

रॉड स्टील-वुलने पुसून त्यावर मेणाचा हात फिरवा. तेल लावू नका, त्याला धूळ चिकटते आणि लग अडकतो. क्लिप पेटीत बंद करा, सोबत सिलिका जेलची पुडी. यूपीएसची बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा. चार महिने तशीच राहिली तर ती दसऱ्याला उठेलच असं नाही.